पेसिमिस्टिक लॉक मागितला, तरी खात्याची शिल्लक चुकते: एडीओच्या कर्सर-मांडणीत कुठे चुकत आहे?

प्रश्न

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेची संगणक प्रणाली गेली काही वर्षे माझ्याकडे देखभालीसाठी आहे. ती मी लिहिलेली नाही. व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) मध्ये एडीओ (डेटाबेसशी बोलणारा मायक्रोसॉफ्टचा सॉफ्टवेअर-संच) वापरून ती लिहिलेली असून मागे एसक्यूएल सर्व्हर २०१२ हा डेटाबेस आहे. चार काउंटर आहेत आणि पाचव्या संगणकावर संध्याकाळी पिग्मी एजंटांच्या यंत्रांतील भरणा चढवला जातो. प्रणाली नव्याने लिहून घेण्याची संस्थेची तयारी नाही, त्यामुळे आहे त्यातच दुरुस्ती करायची आहे.

तीन तक्रारी आहेत. पहिली आणि सर्वांत गंभीर अशी की, अधूनमधून एखाद्या खात्याची शिल्लक चुकते. पावती छापलेली असते आणि रोजकीर्दीत नोंदही असते, पण खाते तक्त्यातील शिल्लकेच्या रकान्यात ती रक्कम आलेली नसते. दुसरी तक्रार अशी की, संध्याकाळी पिग्मीचा भरणा चढू लागला की काही दिवशी चारही काउंटर जागच्या जागी थांबतात, आणि मग थोड्या वेळाने आपोआप सुरू होतात. तिसरी तक्रार पावती क्रमांकाची आहे. गेल्या महिन्यात दोन वेळा एकच क्रमांक दोन पावत्यांवर आला आणि लेखापरीक्षकांनी त्यावर शेरा मारला.

दोन रोखपाल एकाच वेळी एकच खाते उघडतात आणि नंतर जतन करणारा आधीच्याचे पुसून टाकतो, असा माझा समज झाला. म्हणून मी लॉकचा प्रकार ऑप्टिमिस्टिकवरून (जतन करतानाच तपासणारा) पेसिमिस्टिक (आधीच ओळ अडवून ठेवणारा), म्हणजे ३ वरून २ केला आणि कर्सरचा (ओळींतून फिरण्याच्या साधनाचा) प्रकार कीसेट, म्हणजे १ ठेवला. कर्सर लोकेशन मात्र जोडणीवरच क्लायंट, म्हणजे ३ असे दिलेले आहे. ते बदलले की पडद्यावरील ग्रिड रिकामी दिसते आणि रेकॉर्ड काउंट (ओळींची संख्या) काही ठिकाणी उणे १ येतो, म्हणून त्याला हात लावलेला नाही.

या बदलानंतर मी दोन संगणकांवर एकच खाते उघडून पाहिले. दोन्हीकडे ते उघडले, दोन्हीकडे दुरुस्ती करता आली आणि कोणालाही अडवले गेले नाही. एकही त्रुटी-संदेश आला नाही. पेसिमिस्टिक लॉक मागितल्यावर दुसऱ्याला थांबावे लागायला नको का? शिल्लकेचा रकाना फ्लोट (दशांश अंदाजे साठवणाऱ्या) प्रकारचा आहे, याचा संबंध असल्यास म्हणून सांगून ठेवतो.

प्रतिसाद १

तुम्ही मागितलेला लॉक तुम्हाला मिळालेलाच नाही, आणि मिळाला नाही हे एडीओने सांगितलेलेही नाही. एडीओची ही जुनी सवय आहे. मागणी पुरवता येत नसेल तर ते त्रुटी देत नाही, जवळचा जो पर्याय उपलब्ध असेल तो गुपचूप हातात ठेवते. त्यामुळे उघडण्याच्या ओळीत आपण काय लिहिले आहे याला फारसा अर्थ राहत नाही. उघडून झाल्यावर रेकॉर्डसेट (आणलेल्या ओळींचा संच) स्वतःविषयी काय सांगतो, ते पाहावे लागते. ओपनच्या लगेच खाली कर्सर लोकेशन, कर्सर टाइप आणि लॉक टाइप या तीन गुणधर्मांची मूल्ये छापून पाहा. कर्सर टाइपच्या जागी तुम्हाला १ ऐवजी ३ दिसेल, आणि लॉक टाइपच्या जागी २ दिसणार नाही.

याचे कारण लोकेशनमध्ये आहे. तीन गुणधर्म वेगवेगळे दिसत असले तरी त्यांत अधिकार लोकेशनचा असतो आणि उरलेले दोन त्याच्या हद्दीत राहतात. लोकेशन क्लायंट असेल, तर सिलेक्टने (वाचण्याच्या वाक्याने) आलेल्या सगळ्या ओळी रोखपालाच्या संगणकाच्या स्मृतीत उतरवून घेतल्या जातात आणि पुढचे फिरणे, शोधणे, क्रम लावणे हे सर्व त्या प्रतीवर चालते. अशी प्रत स्टॅटिकच असू शकते. म्हणून क्लायंट लोकेशनला कर्सरचा एकच प्रकार मिळतो, तुम्ही ० लिहा, १ लिहा किंवा २ लिहा. आणि प्रत हातात आल्यावर सर्व्हरवरील मूळ ओळीशी तुमचा संबंध उरत नसल्यामुळे ती ओळ तुमच्यासाठी अडवून ठेवायला तिथे कोणी नसते. पेसिमिस्टिक लॉक क्लायंट लोकेशनला मिळत नाही, तो याच कारणाने.

सर्व्हर लोकेशन, म्हणजे २, हे एडीओचे मूळ मूल्य आहे आणि तिथे चारही प्रकार मागता येतात. फॉरवर्ड ओन्लीमध्ये फक्त पुढे जाता येते, त्यामुळे एकूण किती ओळी आहेत हे त्याला ठाऊक नसते आणि रेकॉर्ड काउंट उणे १ येतो. हा दोष नव्हे, "मला सांगता येत नाही" हे सांगण्याची त्याची रीत आहे. डायनॅमिकमध्ये दुसऱ्यांनी घातलेल्या आणि काढलेल्या ओळीही फिरताना दिसतात. कीसेटमध्ये उघडतानाच सर्व ओळींच्या किल्ल्या (ओळ ओळखण्याची मूल्ये) टेम्पडीबीत (सर्व्हरच्या तात्पुरत्या साठ्यात) साठवल्या जातात. पुढे जाल तसतशी प्रत्येक किल्लीची ताजी ओळ आणली जाते, म्हणून दुसऱ्यांनी केलेले बदल दिसतात, पण दुसऱ्यांनी नव्याने घातलेल्या ओळी दिसत नाहीत. तक्त्यावर युनिक इंडेक्स (किंमत दुबार येऊ न देणारी सूची) नसेल तर कीसेट बनवताच येत नाही आणि पदरात पुन्हा स्टॅटिकच पडतो.

इथे एक गोष्ट अनेकांचा गोंधळ उडवते. एसक्यूएल सर्व्हरवरचा स्टॅटिक कर्सर केवळ वाचण्यापुरता असतो, पण क्लायंटवरच्या स्टॅटिक प्रतीत बदल करून जतन करता येते. तिथे जतन म्हणजे एडीओचे क्लायंट कर्सर इंजिन तुमच्या वतीने अपडेटचे वाक्य तयार करून सर्व्हरकडे पाठवते.

आणखी दोन गोष्टी तपासा. जोडणीच्या एक्झिक्यूटमधून जो रेकॉर्डसेट मिळतो तो नेहमी केवळ वाचण्यापुरताच असतो. त्यात लिहायला गेलात की ३२५१ क्रमांकाची त्रुटी येते. आणि लोकेशन जोडणीवर दिलेले असेल, तर त्यानंतर उघडणारे रेकॉर्डसेट ते उचलतात, आधी उघडलेल्यांवर परिणाम होत नाही. प्रणाली जुनी आणि अनेक हातांतून गेलेली असेल, तर निरनिराळ्या फॉर्मांत निरनिराळे लोकेशन निघण्याची शक्यता मला जास्त वाटते.

प्रश्नकर्ता

तपासले. काउंटरच्या फॉर्मवर कर्सर टाइप ३ निघाला आणि लॉक टाइपच्या जागी २ नव्हता. म्हणजे मी केलेला बदल बदलच नव्हता. आता त्या एका फॉर्मपुरते लोकेशन सर्व्हर करून पेसिमिस्टिक लॉक लावला, की शिल्लक चुकणे थांबेल, असे समजू का?

प्रतिसाद २

घाई करू नका. आधीच्या प्रतिसादात लॉक का मिळाला नाही ते बरोबर सांगितले आहे, पण शिल्लक का चुकते याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

क्लायंट इंजिन जे अपडेट वाक्य बनवते, त्याच्या व्हेअरमध्ये (कोणती ओळ बदलायची त्या अटीत) काय घालायचे हे 'अपडेट क्रायटेरिया' नावाच्या गुणधर्मावर ठरते. त्याचे मूळ मूल्य २ आहे. याचा अर्थ व्हेअरमध्ये किल्ली येते, आणि त्यासोबत तुम्ही बदललेल्या प्रत्येक रकान्याची वाचतानाची जुनी किंमतही येते. समजा शिल्लक ५,००० वाचली आणि ५०० भरून ५,५०० केली. तर सर्व्हरकडे जाणारे वाक्य साधारण असे असते: खाते क्रमांक अमुक आणि शिल्लक अजूनही ५,००० असेल, तर शिल्लक ५,५०० कर. मधल्या वेळात दुसऱ्याने शिल्लक बदलली असेल, तर या वाक्याला एकही ओळ सापडत नाही आणि उणे २१४७२१७८६४ ही त्रुटी येते, जिचा आशय असा की बदलायची ओळ सापडली नाही, कदाचित ती वाचल्यानंतर कोणी बदलली असावी.

म्हणजे या मार्गाने नंतरचा आधीच्याचे पुसू शकत नाही. नंतरच्याला नकार मिळतो. तरीही तुमच्याकडे एकही संदेश न येता रक्कम गायब होते. याची मला दोनच कारणे दिसतात. एक तर जतन करण्याच्या बटणामागे कुठेतरी 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' लिहिलेले आहे, त्यामुळे नकार येतो, तो गिळला जातो आणि पुढच्या ओळीवर पावती छापली जाते. किंवा प्रणालीत असा एखादा भाग आहे, जो शिल्लक आधी वाचून चलात ठेवतो, बेरीज स्वतः करतो आणि तयार आकडा घालून अपडेटचे वाक्य थेट एक्झिक्यूट करतो. त्या वाक्यात जुन्या शिल्लकेची अट नसल्यामुळे ते मधले सगळे पुसून टाकते. माझा संशय पिग्मीच्या भागावर आहे. दोन्ही ठिकाणच्या मूळ ओळी पाहून सांगाल का?

फ्लोटविषयी तुम्ही सांगितलेत ते बरे झाले. व्हेअरमध्ये जुनी किंमत बरोबरीने ताडली जाते आणि फ्लोटमध्ये ही बरोबरी फसू शकते. म्हणजे कोणीही काहीही बदललेले नसताना तीच त्रुटी येऊ शकते. पैशांचा रकाना डेसिमल किंवा मनी प्रकारचा हवा, हे या प्रश्नाखेरीजही खरेच आहे. सर्व्हरने भरलेल्या पूर्वनिर्धारित किमती आणि ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारा कोड) यांमुळेही असेच होते, कारण हातातील प्रतीला त्यांची खबर नसते. तक्त्यावर ट्रिगर असेल तर त्यात 'सेट नोकाउंट ऑन' (किती ओळी बदलल्या हे न कळवण्याची आज्ञा) आहे ना, ते पाहून घ्या.

प्रश्नकर्ता

आपले दोन्ही तर्क खरे निघाले, आणि दोन्ही एकाच वेळी. काउंटरच्या फॉर्मवर जतन बटणाच्या पहिल्याच ओळीत 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' आहे. पिग्मीच्या भागात सुरुवातीला साधारण ७०० खात्यांच्या शिलका एका ॲरेमध्ये वाचून घेतल्या जातात, मग ट्रान्झॅक्शन (सगळे एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणारे काम) सुरू होते आणि प्रत्येक खात्यासाठी तयार आकड्याचे अपडेट वाक्य जाते.

त्याच लूपमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. एजंटाच्या फाइलमधील खाते बंद झालेले असेल, तर "खाते सापडले नाही, पुढे जायचे का?" असा मेसेज बॉक्स येतो. ही ओळ ट्रान्झॅक्शन सुरू झाल्यानंतरची आहे.

प्रतिसाद २

तर मग काउंटर थांबण्याचे कारणही सापडले. ट्रान्झॅक्शनच्या पोटात मेसेज बॉक्स आहे. तोपर्यंत बदललेल्या प्रत्येक खात्याच्या ओळीवर एक्सक्लुझिव्ह लॉक बसलेला असतो आणि तो ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाही. पिग्मीचे संगणक सांभाळणारी व्यक्ती त्या वेळी एजंटाशी बोलत असेल किंवा पाणी प्यायला उठली असेल, तर ती परत येऊन बटण दाबेपर्यंत त्या खात्यांना हात लावणारा प्रत्येक काउंटर ताटकळतो. तुम्हाला वाटणारे "आपोआप सुरू होणे" म्हणजे तिचे परत येणे.

पण थांबतात चारही काउंटर, म्हणून खाते क्रमांकावर इंडेक्स आहे का तेही पाहा. तो नसेल, तर एका खात्याच्या अपडेटसाठी सर्व्हर सगळा तक्ता चाळतो. चाळताना वाटेत दुसऱ्याने लॉक केलेली ओळ लागली की तिथेच थांबतो, मग ती ओळ त्याला हव्या असलेल्या खात्याची नसली तरी. लॉक एस्कलेशनची शंका मात्र इथे घेऊ नका. ओळींचे लॉक गोळा होऊन सगळ्या तक्त्यावर लॉक बसण्याची मर्यादा एका वाक्यामागे साधारण ५,००० लॉकची आहे, आणि तुमची वाक्ये एकेका खात्याची आहेत.

आता दुरुस्ती. शिल्लक वाचून, व्हीबीत बेरीज करून परत लिहिणे पूर्णपणे सोडून द्या. 'शिल्लक बरोबर शिल्लक अधिक रक्कम' असे एकच अपडेट वाक्य सर्व्हरकडे पाठवा. वाचणे आणि लिहिणे एकाच वाक्यात झाल्यामुळे दोघे एकाच क्षणी आले, तरी दुसरा पहिल्याच्या ट्रान्झॅक्शनसाठी थांबतो आणि नंतर ताज्या शिलकेत आपली रक्कम मिळवतो. पैसे काढताना व्हेअरमध्येच किमान शिलकेची अट घाला आणि एक्झिक्यूटच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमधून किती ओळी बदलल्या ते घ्या. उत्तर ० असेल तर पैसे द्यायचे नाहीत. हेच स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (सर्व्हरवर साठवलेल्या कोडमध्ये) लिहिणार असाल, तर लक्षात ठेवा की 'नोकाउंट ऑन' असताना तो आकडा उणे १ येतो. तिथे रोकाउंट (बदललेल्या ओळींची संख्या) प्रोसिजरच्या आतच तपासून आउटपुट पॅरामीटरने बाहेर द्यावा लागतो. रोजकीर्दीतील नोंद आणि शिलकेचा बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असावा, आणि पावती छापणे त्याच्या बाहेर, कमिट (बदल पक्के) झाल्यानंतर. प्रिंटरमधला कागद संपला म्हणून खात्यावर लॉक राहता कामा नये.

पिग्मीसाठी ७०० खात्यांचे एक मोठे ट्रान्झॅक्शन न ठेवता प्रत्येक खात्याचे छोटे ट्रान्झॅक्शन करा. मध्येच वीज गेली तर काय, अशी शंका येईल. त्यासाठी प्रत्येक फाइलला एक क्रमांक द्या आणि नोंदींच्या तक्त्यात फाइल क्रमांक व खाते क्रमांक यांच्या जोडीवर युनिक इंडेक्स ठेवा. एकाच फाइलमध्ये एका खात्याच्या दोन नोंदी येत असतील, तर फाइलमधला ओळ क्रमांकही त्या जोडीत घ्या. फाइल पुन्हा चढवली तरी आधी चढलेल्या नोंदी दुसऱ्यांदा पडणार नाहीत. न सापडलेली खाती एका यादीत गोळा करून शेवटी एकदाच दाखवा.

प्रतिसाद ३

वरील निदान मान्य आहे, पण पेसिमिस्टिक लॉकला इथे सरसकट मोडीत काढले जात आहे, ते पटत नाही. आमच्या गोदामाच्या प्रणालीत तो गेली कित्येक वर्षे नीट चालतो. फक्त तो कसा चालतो हे समजून वापरला पाहिजे.

सर्व्हर लोकेशन, कीसेट कर्सर आणि पेसिमिस्टिक लॉक असे घेतले की एसक्यूएल सर्व्हर स्क्रोल लॉक वापरतो, म्हणजे ओळ आणली जातानाच तिच्यावर अपडेट लॉक बसतो. ट्रान्झॅक्शन नसेल तर पुढची ओळ आणताच तो सुटतो. ट्रान्झॅक्शनमध्ये असाल तर कमिट किंवा रोलबॅक (रद्द) होईपर्यंत राहतो. दुसऱ्या कोणी तीच ओळ याच पद्धतीने उघडायचा प्रयत्न केला की तो थांबतो, पण साध्या सिलेक्टने वाचणारा थांबत नाही, कारण अपडेट लॉक आणि शेअर्ड लॉक एकत्र नांदू शकतात. प्रश्नकर्त्यांच्या पिग्मीच्या भागाला म्हणूनच हा लॉक रोखू शकला नसता. तो शिल्लक आधीच वाचून बसला असता आणि काउंटरचा लॉक सुटताच जुना आकडा लिहून मोकळा झाला असता.

आम्ही दोन पथ्ये पाळतो. असा रेकॉर्डसेट व्हेअर घालून एकाच ओळीचा उघडायचा आणि कॅश साइझ १ वर ठेवायचा, नाहीतर एका खेपेत जितक्या ओळी येतील तितक्यांवर लॉक बसतो. दुसरे म्हणजे जोडणी उघडताच लॉक टाइमआउट ५,००० मिलिसेकंद असा लावायचा. त्याचे मूळ मूल्य उणे १ असते, म्हणजे अनंत काळ वाट पाहणे. मर्यादा लावली की पाच सेकंदांनी १२२२ क्रमांकाची त्रुटी येते आणि रोखपालाला "हे खाते दुसऱ्या काउंटरवर उघडे आहे" असे सांगता येते. आमच्या माणसांना गोठलेल्या पडद्यापेक्षा हे वाक्य बरे वाटते.

प्रतिसाद १

गोदामात नोंद उघडणारा ती दोन मिनिटांत मिटवतो, म्हणून हे चालत असावे. काउंटरवर समोर खातेदार उभा असतो, तो खिशातून पैसे काढून मोजतो, मग पासबुक घरी राहिल्याचे सांगतो, आणि तेवढा वेळ ओळ अडून राहते. माणूस पडद्याकडे पाहत असताना लॉक धरून ठेवायचाच नाही, असे माझे मत आहे.

त्याऐवजी सभासदाचा पत्ता, वारसाचे नाव, खाते बंद असल्याची खूण अशी जी माहिती बेरजेने बदलत नाही, तिच्यासाठी ऑप्टिमिस्टिकच राहू द्या, पण तपासणी कडक करा. 'अपडेट क्रायटेरिया'च्या मूळ मूल्यात एक फट आहे. एकाने खाते बंद केले आणि त्याच वेळी दुसऱ्याने वारस बदलला, तर दोघांनी वेगवेगळे रकाने बदलले असल्यामुळे दोन्ही बदल यशस्वी होतात, आणि बंद खात्यावर नवा वारस दिसू लागतो. तक्त्यात रो-व्हर्जन प्रकारचा रकाना घाला, सिलेक्टमध्ये तो आणा आणि क्रायटेरिया ३ करा. हा आठ बाइटचा आकडा ओळीत काहीही बदलले की सर्व्हर स्वतः बदलतो. मग ताडणी त्या एका आकड्यावर होते आणि फ्लोटची कटकटही मिटते.

नकार आला की नुसता संदेश दाखवून थांबू नका. रीसिंकने अंडरलाइंग किमती मागवल्या की प्रत्येक रकान्याच्या तीन किमती हाताशी असतात: ओरिजिनल व्हॅल्यू म्हणजे तुम्ही वाचलेली, अंडरलाइंग व्हॅल्यू म्हणजे आता सर्व्हरवर असलेली, आणि व्हॅल्यू म्हणजे तुम्ही टाइप केलेली. तिन्ही शेजारी मांडून दाखवल्या, तर पुढे काय करायचे हे रोखपाल स्वतः ठरवू शकतो.

ग्रिडसाठी क्लायंट लोकेशन खुशाल ठेवा. ग्रिडला मागेपुढे जाता यावे लागते आणि बुकमार्क लागतात, ते त्या प्रतीत मिळतात. फक्त सगळ्या सभासदांचा तक्ता तिथे उतरवू नका.

प्रतिसाद ४

पावती क्रमांकावर कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. सध्या क्रमांक 'आजवरचा सर्वांत मोठा अधिक १' असा काढला जात असणार. दोन काउंटरांनी एकाच क्षणी विचारले की दोघांना तोच आकडा मिळतो. सर्वांत आधी पावती क्रमांकाच्या रकान्यावर युनिक इंडेक्स बसवा, म्हणजे पुन्हा चूक झालीच तर ती लेखापरीक्षणात न उघड होता काउंटरवरच उघड होईल. सध्याचे दुबार क्रमांक निस्तरल्याशिवाय तो इंडेक्स बनणार नाही, हे ध्यानात घ्या.

आयडेंटिटी रकाना (ज्यात सर्व्हर आपोआप क्रमांक देतो) वापरा, असा सल्ला हमखास मिळेल. पावतीसाठी तो घेऊ नका. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झाले तरी घेतलेला क्रमांक परत येत नाही, आणि २०१२ पासून सर्व्हर हे क्रमांक आगाऊ राखून ठेवत असल्यामुळे अचानक बंद पडल्यावर साध्या इंट (पूर्णांकाच्या) रकान्यात १,००० ची उडी दिसू शकते. मधल्या हजार पावत्या कुठे गेल्या, हे लेखापरीक्षकांना समजावत बसावे लागेल.

क्रमांकासाठी एका ओळीचा वेगळा तक्ता ठेवा आणि अपडेटच्या एकाच वाक्यात क्रमांक एकने वाढवून ती वाढलेली किंमत चलात घ्या. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'सेट चल बरोबर रकाना बरोबर रकाना अधिक १' असे लिहिता येते. ही ओळ कमिट होईपर्यंत अडलेली राहते, म्हणून ट्रान्झॅक्शनमधील अगदी शेवटचे काम तेच असू द्या. आधी खाते, मग क्रमांक, त्यासह रोजकीर्दीची नोंद आणि लगेच कमिट. सगळ्या फॉर्मांत हाच क्रम ठेवा. एकाने आधी क्रमांक आणि दुसऱ्याने आधी खाते धरले, तर दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात आणि सर्व्हर त्यांतील एकाला १२०५ क्रमांकाची त्रुटी देऊन बाद करतो. क्रम पाळूनही ती त्रुटी क्वचित येईलच. तेव्हा सगळे ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवायचे, मधूनच नव्हे. पिग्मीचे मोठे ट्रान्झॅक्शन तोडण्याचे हेही एक कारण आहे, कारण पहिल्या खात्यानंतर क्रमांकाची ओळ धरून ते दुसरे खाते मागते आणि तुम्ही ठरवलेला क्रम तिथेच मोडतो.

आणखी एक. अहवाल काढताना अडकायला होते म्हणून कोणीतरी सगळ्या सिलेक्टमध्ये नोलॉक (लॉक न पाळता वाचण्याची सूचना) घालायला सांगेल. त्याने कमिट न झालेल्या रकमाही अहवालात येतात. त्यापेक्षा डेटाबेसवर रीड कमिटेड स्नॅपशॉट चालू करा. मग वाचणारा लिहिणाऱ्यासाठी थांबत नाही, त्याला शेवटची कमिट झालेली किंमत मिळते. जुन्या आवृत्त्या टेम्पडीबीत ठेवल्या जातात, तेवढी जागा तिथे हवी. पण हे शिलकेची दुरुस्ती करून झाल्यावरच करा. वाचून मग लिहिणारे जुने कोड या मांडणीत अधिक चुकते, कारण वाचताना त्याला आता कोणीच अडवत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आतापर्यंत केलेले काम कळवतो.

काउंटरचे जतन आता एका प्रोसिजरमधून होते. आधी शिलकेचे अपडेट, मग पावती क्रमांक, मग रोजकीर्द, आणि कमिटनंतर छपाई. 'रिझ्यूम नेक्स्ट' काढले, तेव्हा पहिल्याच दिवशी तीन निराळ्या त्रुटी वर आल्या. त्यांपैकी दोन या प्रश्नाशी संबंधित नव्हत्या, पण इतकी वर्षे त्या घडत होत्या. खाते क्रमांकावर इंडेक्स खरोखरच नव्हता. किल्ली म्हणून वेगळाच एक अनुक्रमांक वापरलेला होता. पिग्मीची फाइल आता खातेनिहाय चढते आणि न सापडलेल्या खात्यांची यादी शेवटी छापली जाते.

आरंभीची शिल्लक अधिक सर्व नोंदी आणि तक्त्यातील शिल्लक यांचा मेळ न बसणारी खाती काढणारे एक वाक्य लिहून ते रोज रात्री चालवत आहे. पहिल्या रात्री ११ खाती निघाली. त्यांची दुरुस्ती व्यवस्थापकांच्या सहीने रीतसर नोंदी घालून केली, आकडा थेट बदलला नाही. त्यानंतरच्या नऊ रात्री यादी रिकामी आली आहे.

फ्लोटचे डेसिमल करणे आणि रो-व्हर्जनचा रकाना घालणे रविवारी संस्था बंद असताना करणार आहे. स्नॅपशॉटची मांडणी चालू करतानाही डेटाबेसवर दुसरी कोणतीही जोडणी असून चालत नाही असे दिसले, त्यामुळे तेही त्याच दिवशी, पण या दोन्हींनंतर. त्याआधी एक शंका आहे. फ्लोटमधून डेसिमलमध्ये नेताना ज्या शिलका पैशाच्या अपूर्णांकात अडकलेल्या आहेत, त्यांचे पूर्णांकन सर्व्हरवर सोपवावे, की नोंदींची बेरीज पुन्हा करून तोच आकडा नव्या रकान्यात भरावा?

प्रतिसाद २

नोंदींची बेरीज भरा, पण आधी नोंदींच्या रकमेचा रकाना डेसिमल करा. तोही फ्लोटच असणार.